विद्यापीठाची प्रकृती

१७ सप्टेंबर हा दिवस मराठवाड्याला दोन कारणांनी आपला वाटतो. १९४८ साली या दिवशी निजामाची राजवट संपली आणि १९९४ साली याच दिवशी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ उभे राहिले. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव त्यास मिळाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणाची जबाबदारी तेव्हापासून या विद्यापीठाच्या शिरावर आहे. दरवर्षी वर्धापनदिन येतो, झेंडावंदन होते, गौरवाची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून परीक्षांची वेळापत्रके, फेरतपासणीचे अर्ज व निकालांचा विलंब हेच विद्यापीठाचे वृत्त बनून राहते. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर विद्यापीठ येते ते बहुधा गोंधळाच्या निमित्ताने. आज आम्ही त्याच पानावर विद्यापीठाविषयी लिहीत आहोत ते कोणत्याही गोंधळामुळे नव्हे. ज्या संस्थेकडे आपण आपली मुले सोपवतो तिची प्रकृती कशी आहे आणि ती त्या मुलांच्या प्रकृतीची काळजी कशी वाहते, हा प्रश्न शांतपणे विचारण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम थोडा इतिहास आठवला पाहिजे, कारण मराठवाड्याला विद्यापीठ हे अनायासे लाभलेले नाही. निजामी राज्यातील औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील मराठी मुलाला १९१८ नंतर उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची वाट धरावी लागे. तेथे शिक्षण उर्दूतून होते. १९३८ साली तेथील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला आणि त्यासाठी त्यांना विद्यापीठातून बाहेर पडावे लागले. त्या प्रसंगी नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली व या निर्वासित विद्यार्थ्यांना पदरात घेतले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. हा प्रसंग आम्ही मुद्दाम आठवतो. विद्यापीठ म्हणजे काय याचे उत्तर त्या एका वर्षात दोन प्रकारे मिळाले. एकाने विद्यार्थ्याला नियम दाखविला, दुसऱ्याने त्याला जागा दिली. मराठवाड्याच्या पिढ्यांनी विद्यापीठ मागितले ते दुसऱ्या प्रकारचे.

स्वातंत्र्यानंतर ती मागणी हळूहळू फळास आली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९७४ साली विद्यार्थ्यांनीच मराठवाडा विकासाचे आंदोलन पेटविले आणि वसमतला पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे रक्त सांडले. १९७८ पासून नामांतराच्या प्रश्नावर या प्रदेशाने जे भोगले, दलित वस्त्यांनी जे अत्याचार सोसले, त्याची आठवण आजही मान खाली घालावयास लावते. १४ जानेवारी १९९४ रोजी औरंगाबादच्या विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव लाभले आणि त्याच वर्षी नांदेडचे विद्यापीठ वेगळे झाले. इतकी किंमत मोजून मिळालेली संस्था प्रमाणपत्रे छापण्याचे कार्यालय होऊन राहिली तर तो भावी पिढ्यांपुरता तोटा नसून मागील पिढ्यांशी केलेला विश्वासघात होईल.

आता विष्णुपुरीच्या माळावरून जरा मुदखेडकडे पाहू. मुदखेड हे नांदेडपासून जवळचे, रेल्वेच्या जंक्शनचे गाव. मनमाड–सिकंदराबादचा मार्ग आणि भोकर, हिमायतनगर, किनवटमार्गे आदिलाबादकडे जाणारा मार्ग येथे मिळतात. मुदखेडच्या शिवारातील फुले नांदेडच्या बाजारात येतात, आणि मुदखेडची व भोकर-किनवटकडची मुले नांदेडच्या महाविद्यालयांत येतात. फुलांना पहाटेच बाजार गाठावा लागतो. मुलांनाही पहाटेच निघावे लागते. ज्याला वसतिगृहात जागा मिळाली तो भाग्यवान. इतरांचा दिवस गाडीच्या वेळेने बांधलेला. शेवटचा तास चुकवावा तेव्हा गाडी मिळते आणि गाडी चुकवावी तेव्हा ग्रंथालय मिळते. या मुलांच्या आरोग्याचा विचार करताना त्यांचे जेवण कोणत्या वेळी होते, झोप किती होते आणि दिवसाचे किती तास प्रवासात जातात, हे प्रश्न प्रथम विचारावे लागतील.

अलीकडे प्रत्येक शिक्षणसंस्थेत आरोग्याचे कार्यक्रम होतात आणि ते व्हावेत. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून मान्य केल्यापासून त्या दिवशी सर्वत्र योगासने होतात. रक्तदानाची शिबिरे होतात, वृक्षारोपण होते, 'ज्ञानतीर्थ' युवक महोत्सवात खेड्यापाड्यांतील मुले-मुली रंगमंचावर येतात. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने तर श्रमाला शिक्षणात स्थान दिले. यांतील कोणत्याही उपक्रमास नाक मुरडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु शिबिर संपल्यावर सतरंज्या गुंडाळल्या जातात, छायाचित्रे अहवालास जोडली जातात, आणि आरोग्य पुढील वर्षाच्या त्याच तारखेपर्यंत स्थगित होते, ही स्थिती मात्र आम्हांस चिंताजनक वाटते. आरोग्य हे समारंभाने येत नाही. ते खानावळीतल्या आमटीत, वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारात आणि रात्री अकरा वाजता दार ठोठावले तर उठणाऱ्या अधीक्षकात असते.

मुदखेडलाच केंद्रीय राखीव पोलिस दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे शरीर घडविण्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने चालते. त्याच पंचक्रोशीत, आणि मराठवाड्याच्या कोणत्याही तालुक्याच्या गावी, पोलिस वा सैन्य भरतीच्या आशेने शेकडो तरुण पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर धावत असतात. पायांत साधे बूट, पोटात काही नाही, आणि मार्ग सांगणारा कोणी नाही. प्रत्येक महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असावा अशी अपेक्षा आहे. त्या शिक्षकाच्या ज्ञानाचा लाभ या धावणाऱ्या मुलांस मिळाला तर गुडघे वाचतील आणि भरतीही साधेल. विद्यापीठातील ज्ञान आणि त्या ज्ञानाची गरज असलेला माणूस ही दोन्ही एकाच रस्त्यावर असून त्यांची भेट होत नाही, याचे याहून सोपे उदाहरण कोणते द्यावे?

शरीराहून अधिक गंभीर प्रश्न मनाचा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्राचे नाव सर्वांत वर होते. ज्या राज्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख पाहिले त्याच राज्यात ही दुसरी रांग लागावी, आणि मराठवाड्यात तर पुष्कळदा ही दोन्ही दुःखे एकाच उंबरठ्याची असावीत, हे कठोर सत्य आहे. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातील पिके आडवी केली. नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात तर गावांत पाणी शिरून माणसे गेली. ज्याच्या बापाचे सोयाबीन पाण्यात कुजले त्या मुलाच्या खोलीतील काळजी ही मनाचा दुबळेपणा नव्हे, तो घरचा जमाखर्च आहे. त्याला उपदेशाच्या व्याख्यानाने धीर येणार नाही. शुल्काची मुदत वाढविण्याने, वेळेवर जमा झालेल्या शिष्यवृत्तीने आणि खानावळीच्या थकलेल्या बिलाविषयी कोणी आठवडाभर न बोलण्याने येईल.

शासनाने काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे संपूर्ण शुल्क माफ करण्याचा निर्णय २०२४ साली झाला. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनासाठी साहाय्य देणारी स्वाधार योजना त्याआधीपासून आहे. या योजना चांगल्या आहेत. मात्र शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे माफ होत नाही, आणि साहाय्याची रक्कम वर्षअखेर आली तर वर्षभराची भूक मागे जाऊन भागत नाही. योजनेचे यश तिच्या शासन निर्णयाच्या तारखेवरून मोजू नये. रक्कम विद्यार्थ्याच्या हाती पडल्याच्या तारखेवरून मोजावे.

मानसिक आरोग्याच्या बाबतीत आता सर्वोच्च न्यायालयाने बोलून ठेवले आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने या विषयावर माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले आणि जुलै २०२५ मध्ये, कायदा होईपर्यंत बंधनकारक राहतील अशी, पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा; लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी कायमचा संबंध जोडावा; शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा या कामाचे शिक्षण मिळावे; 'टेली-मानस'सारख्या साहाय्यसेवेचे क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळक लावावेत. गुणांनुसार विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडून एकाला श्रेष्ठ व दुसऱ्याला कमी ठरवू नये, अशीही ताकीद त्यात आहे, आणि ती खासगी शिकवण्यांनाही लागू आहे.

ही शेवटची ताकीद लातूरने विशेष मनावर घ्यावी. 'लातूर पॅटर्न'ने मराठवाड्याच्या मुलांना डॉक्टर-इंजिनिअर होण्याचा आत्मविश्वास दिला, हे त्याचे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकत नाही. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे एक शिल्पकार आणि तेच नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. परंतु प्रवेशपरीक्षेच्या शर्यतीत काही मुले पुढे जातात आणि बाकीची पदवी महाविद्यालयांच्या बाकांवर येऊन बसतात, तेव्हा ती आपल्याबरोबर हरल्याची भावना आणतात. या मुलांना पुन्हा उभे करणे हे विद्यापीठाचे खरे काम आहे. यशस्वी विद्यार्थ्याच्या घरी हार घेऊन जाणारे पुष्कळ असतात. अयशस्वी विद्यार्थ्याच्या शेजारी बसणारा शिक्षक मात्र विद्यापीठालाच पुरवावा लागतो.

आणि येथेच मूळ दुखणे आहे. शेजारी बसावयास शिक्षक हवा ना? राज्यातील विद्यापीठांत व महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या आहेत, आणि त्या जागी तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण शिकवीत आहेत. हे तरुण विद्वान आहेत; पुष्कळांनी पीएच.डी. केली आहे, नेट-सेट परीक्षा उत्तीर्ण केल्या आहेत. त्यांना तासाचे पैसे मिळतात, तेही उशिरा. सुटीत काहीच मिळत नाही. एका महाविद्यालयाचा तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाची बस पकडणारा हा शिक्षक विद्यार्थ्याची वैयक्तिक विचारपूस कधी करणार? त्याच्या स्वतःच्या मनःस्वास्थ्याची विचारपूस कोण करणार? प्राध्यापकांच्या तज्ज्ञतेचा गौरव करायचा आणि प्राध्यापकच नेमावयाचे नाहीत, ही विसंगती शासनाने किती दिवस चालविणार आहे, हे स्पष्ट सांगावे.

तज्ज्ञता समाजाच्या उपयोगी कशी पडते याची उदाहरणे आपल्याच घरात आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे दगड-मातीच्या माळवदांखाली गाडली गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत त्या पहाटे मोडली. पुढे २००२ च्या नकाशात त्या भागाचा भूकंपप्रवणतेचा दर्जा वाढविण्यात आला. २००६-०७ च्या सुमारास नांदेड शहरालाच जमिनीखालून आवाज व हलके धक्के जाणवू लागले, तेव्हा किल्लारीच्या आठवणीने नागरिकांची झोप उडाली आणि अफवांना ऊत आला. त्या वेळी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलानेही या धक्क्यांचा अभ्यास केला. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेड-परभणीतही जाणवला. जुलैमध्ये पुन्हा जमीन हादरली. अशा सकाळी नागरिकाला विद्यापीठातील जाणकाराचा आवाज प्रथम ऐकू यावा, भ्रमणध्वनीवरून फिरणारी अफवा नंतर. घर कसे बांधावे, भिंतीला पट्टा कोठे द्यावा, धक्का बसल्यास काय करावे, हे ज्ञान मराठीत, गावच्या चावडीवर, संकट येण्यापूर्वी पोचणे म्हणजेच विद्यापीठाची तज्ज्ञता कामी येणे होय.

दुसरे उदाहरण माणसाचे आहे. नरहर कुरुंदकर हे नांदेडचे शाळामास्तर. पुढे पीपल्स कॉलेजचे प्राध्यापक आणि प्राचार्य. इतिहास, नाट्यशास्त्र, संगीत, मनुस्मृती, समकालीन राजकारण असा त्यांचा संचार होता. पण त्यांचे मोठेपण असे की हे सारे ज्ञान घेऊन ते गावोगावी गेले, सामान्य श्रोत्याशी त्याच्या भाषेत बोलले आणि त्याच्या रागालाही सामोरे गेले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे देहावसान झाले. नांदेडने महाराष्ट्राला दिलेला प्राध्यापकाचा आदर्श तो हा. आज प्राध्यापकाच्या बढतीचे गणित शोधनिबंधांच्या गुणांवर बसविले आहे. तालुक्याच्या गावी दिलेल्या चांगल्या व्याख्यानाला त्या गणितात किंमत थोडी. मग कुरुंदकरांच्या जयंतीला हार घालून त्यांचा वारसा कसा चालणार?

ज्ञानाच्या घरांमध्ये आपण भिंतीही फार घातल्या आहेत. विष्णुपुरीत विद्यापीठ आहे, श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, शेतीचे शिक्षण परभणीच्या कृषी विद्यापीठाचे, अशी वाटणी झाली असल्याने शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याने सारा देश हादरला होता. मनुष्यबळ, औषधे व साधने यांविषयी तेव्हा विचारले गेलेले प्रश्न अजून विसरण्याजोगे झालेले नाहीत. त्या रुग्णालयावरील भार आम्ही जाणतो. तरीसुद्धा आठवड्यातून एक दुपार तेथील मनोविकारतज्ज्ञाने विद्यापीठ परिसरात बसावे, आणि बदल्यात विद्यापीठाच्या समाजशास्त्र, मानसशास्त्र व सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना मार्गदर्शनाचे काम करावे, एवढी देवघेव दोन शेजाऱ्यांत व्हावयास हरकत कोणती? त्यासाठी नवी इमारत नको, नवे खाते नको; एक पत्र आणि एक खोली पुरे.

विद्यापीठाच्या अधिसभेपुढे व व्यवस्थापन परिषदेपुढे आम्ही चार गोष्टी मांडू इच्छितो. पहिली, सर्वोच्च न्यायालयाच्या तत्त्वांप्रमाणे किती संलग्न महाविद्यालयांत समुपदेशक नेमले गेले, याची यादी महाविद्यालयवार प्रसिद्ध करावी. दुसरी, विद्यापीठात व महाविद्यालयांत कोणत्या विषयाचा जाणकार कोण आहे, याची मराठी सूची नगरपालिका, पंचायत समित्या व वाचनालये यांना द्यावी. माती, पाणी, भूकंप, कायदा, आहार अशा लोकांच्या प्रश्नांच्या क्रमाने ती असावी, विभागांच्या क्रमाने नव्हे. तिसरी, विद्यापीठाने किनवटला आदिवासी विकासाच्या अभ्यासाचे केंद्र काढलेच आहे; त्या मार्गावरील मुदखेड, भोकर, हिमायतनगर येथे दरमहा एक व्याख्यान व एक आरोग्य-तपासणी नेमाने व्हावी. ज्या गाडीने मुले विद्यापीठाकडे येतात त्याच गाडीने महिन्यातून एकदा विद्यापीठाने मुलांच्या गावी जावे. चौथी, वसतिगृह, खानावळ, पाणी व स्वच्छता यांची पाहणी विद्यार्थी-प्रतिनिधींच्या व महिला अध्यापकांच्या सहीने दर सत्रात व्हावी आणि तिचा अहवाल फलकावर लागावा.

पैसा कोठून आणावा, असा प्रश्न विचारला जाईल. जागा भरण्यासाठी पैसा लागेल आणि तो शासनानेच दिला पाहिजे. त्यातून सुटका नाही. बाकीच्या बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा मन लागते. आणि जे नागरिक हा अग्रलेख वाचत आहेत, त्यांच्याकडेही आमचे मागणे आहे. नांदेड-लातूरच्या सुशिक्षित मध्यमवर्गाने आपली मुले पुण्या-मुंबईस पाठविली आणि येथील विद्यापीठाकडे गरिबांच्या मुलांची सोय म्हणून पाहावयास आरंभ केला, हे कटू असले तरी खरे आहे. ज्या संस्थेत आपले मूल नाही तिच्या खानावळीत काय शिजते याची चौकशी आपण करीत नाही. ती चौकशी या शहरांतील डॉक्टरांनी, वकिलांनी, निवृत्त शिक्षकांनी केली पाहिजे. आठवड्यातून दोन तास दिले तरी पुष्कळांचा आधार होईल.

एक गोष्ट मात्र उद्यावर टाकण्यासारखी नाही. 'टेली-मानस' ही शासनाची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. जो विद्यार्थी आज निराश आहे, झोप गमावून बसला आहे, त्याने तो फिरवावा. आणि त्याच्या मित्राने, घरमालकाने, वसतिगृहाच्या अधीक्षकाने त्यास एकटे सोडू नये. चार जिल्ह्यांतील प्रत्येक प्राचार्याने हा क्रमांक उद्या सकाळी सूचनाफलकावर लावावा. त्यास समितीची मंजुरी लागत नाही, निविदा लागत नाही, उद्घाटक तर मुळीच लागत नाही. विद्यापीठाची प्रकृती सुधारण्याचा आरंभ तेथून होऊ शकेल, आणि पुढील १७ सप्टेंबरला भाषणे करणाऱ्यांना सांगण्यासारखे काहीतरी जमेस पडेल.